सहावी बाबागाडी

...आणि मी म्हणते, मोजायचीच एवढी हौस असेल तर बंदरावरचे बंद पडलेले दिवे मोजा की! वाऱ्यानं आडव्या झालेल्या पाट्या मोजा! कुणी नको म्हटलंय? पण नाही. आमच्या पालिकेला मोजायची असतात ती पोरं. आणि पोरं मोजायची म्हणजे कशी, तर न सांगता, अचानक, दुपारी, माणसाच्या हातात खरकटी बशी असताना! आता तुम्ही म्हणाल, आस्ताबाई, तुमची पोरं मोठी होऊन कोपनहेगनला गेली, तुम्हाला कसली भीती? थांबा. माझ्यापर्यंत येतेच आहे मी. आधी बोदिल.

बोदिल म्हणजे माझी शेजारीण. मधे फक्त एक कुंपण. बाई कशी, तर उभी राहिली की दार भरतं. एकदा शेजारच्या शेतातला वळू सुटून तिच्या अंगणात आला होता, तुम्हाला सांगते, तिनं ओला पोछा घेऊन त्याला रस्त्यापर्यंत हाकलला आणि वर मागून ओरडली, "पाय पुसायची अक्कल नाही?" अशी बाई! पण पालिकेची ती पांढरी छोटी गाडी गल्लीत वळली ना, की हिच्या हातातल्या कपाची बशीवर टकटक सुरू. का? तर पाच म्हणजे पाच!

नाही, समजून घ्या. बोदिल घरीच पोरं सांभाळते. आमच्या डेन्मार्कात पोराला असं सांभाळायला ठेवलं की त्याचा बराचसा खर्च पालिका उचलते, आईबापांनी वरचे थोडे द्यायचे. चांगलंच आहे, मी कुठे वाईट म्हणते? पण अनुदान मिळतं ते मंजूर पाळणाघराला. आणि बोदिलच्या मंजुरीत लिहिलंय, पोरं पाच. सहावं दिसलं की मंजुरी गेली. मंजुरी गेली की पाची घरांचं अनुदान गेलं. मग ती मिहाएला, रुमानियाची, मासळीच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाते, इथं ना आई ना बहीण ना नवरा, तिनं काय करायचं? पोराला बर्फाच्या खोक्यात ठेवायचं आणि मासे कापायचे? पालिकेचं स्वतःचं पाळणाघर फ्योर्डच्या त्या तीराला! फेरीबोट चुकली की पोर तिकडं, आई इकडं, मधे पाणी!

त्यात ती लोनेची गोष्ट. लोने म्हणून एक बाई होती पलीकडच्या गावात, तिच्याकडे शेजारचं पोरगं साखर मागायला आलं. आलं, उभं राहिलं, बिस्किट दिसलं, खायला लागलं. तेवढ्यात तपासणी! "हे कोण?" "हे... हे साखरेला आलंय." "साखरेची आमच्याकडे नोंद नसते बाई, मुलांची असते." गेली मंजुरी! आता खरं किती, खोटं किती, मला विचारू नका, मी लोनेला कधी पाहिलेलं नाही, मला तर वाटतं लोने नावाची बाईच नाही... पण बोदिलच्या डोक्यात ती लोने जाऊन बसली ती बसलीच. बोदिल झोपेत मोजायची. दुकानात अंडी घेतली तरी पाच घ्यायची, सहाचं खोकं असलं तरी एक काढून ठेवायची! तिचा नवरा प्रेबेन, त्यानं जेवताना सहाव्या बटाट्याला हात घातला तरी ही दचकायची. "अगं, बटाटा आहे." "असू दे. पाच म्हणजे पाच!"

तर त्या दिवशी काय झालं. सकाळीच मायकेन आली, कार्लाची आई, केस कापायचं दुकान आहे तिचं. कार्लाला सोडलं आणि दारात घुटमळत म्हणते, "बोदिल, माझी बहीण आलीये गं, तिचं पोर तासभर... नुसतं तासभर... झोपलेलंच असेल!" बोदिल म्हणाली, "मायकेन, तुझ्यासाठी मी काय नाही केलं? पण पाच म्हणजे पाच." मायकेनचं तोंड एवढंसं झालं. गेली. आणि बोदिलला दिवसभर ते तोंड आठवत राहिलं. हे लक्षात ठेवा हं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती का? वेडी नव्हती हो. घाबरलेली होती.

दुपारी पोरांना ओटची पेज भरवून, लोकरीच्या टोप्या चढवून, आपापल्या बाबागाड्यांत झोपवून, तिनं गाड्या अंगणात घराच्या आडोशाला ओळीनं लावल्या. आमच्याकडे पोरं दुपारची बाहेरच झोपतात, गार हवेत, त्याशिवाय झोप लागत नाही त्यांना. आत येऊन ही भांड्यांना लागली आणि घंटा वाजली.

दारात एक पोरगी. बारीक, वाऱ्यानं केसांचं घरटं झालेलं, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र. तिचं खरं नाव मी सांगत नाहीये हं, मला अजून या गावात राहायचंय. सिसेल म्हणू. "नमस्कार, मी नवीनच आलेय, अचानक भेटीसाठी, पण घाबरायचं अजिबात कारण नाही!" आणि हे म्हणताना, तुम्हाला सांगते, तिचाच आवाज कापत होता. पण बोदिलला ते कुठं कळायला? तिला वाटलं, आपल्याच कानांत कापरं भरलंय.

सिसेल आत आली. जिन्याचं छोटं फाटक हलवून बघितलं. औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. नळाचं गरम पाणी हातावर घेतलं. पण प्रत्येक वेळी काय करायची, कुलूप ओढलं की खिडकीतून अंगणात बघायची. नळ सोडला की अंगणात बघायची. ही सारखी बाहेर काय बघते? कुणी चुगली केली का? म्हणून बोदिलनं पण खिडकीतून बघितलं.

एक, दोन, तीन, चार, पाच... सहा.

तिनं डोळे मिटले. उघडले. भांड्यांच्या वाफेनं काच धुरकटली असेल म्हणून कोपरानं पुसली. स्वच्छ पुसल्या काचेतून आणखी स्वच्छ दिसल्या. सहा! शेवटच्या दोन गाड्यांमधे एक निळी, घडीची गाडी. पाठीमागे सिसेल म्हणतेय, "मुलं बाहेर झोपलीयेत ना? बघूया का आपण?" आणि बोदिलच्या तोंडून निघालं, "कॉफी!" एवढ्या जोरात की ती पोरगी खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसलीच. "आधी कॉफी. दालचिनीचे पाव आहेत. ताजे. बसा. उठायचं नाही. मी एक... मला वाटतं एक रडतंय!" रडत कुणी नव्हतं. रडत होती ती एकटीच, आतल्या आत.

धावत अंगणात. निळ्या गाडीत डोकावली. पोर. अनोळखी. गोल टोपी, तोंडात चोखणी, गाढ झोपलेलं. आणि हिला काय वाटणार? मायकेन! 'झोपलेलंच असेल' म्हणाली होती! आणून ठेवलंच अखेर बहिणीचं पोर, न विचारता! आता सांगा, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? आत तपासणी कॉफी पितेय, इथं सहावं पोर घोरतंय, आणि डोळ्यासमोर लोने, लोनेच्या हातात साखरेची वाटी, तिच्या मागे मिहाएला! बोदिलनं ब्रेक काढला, आणि गाडी ढकलत नेली ती सरळ कुंपणाजवळच्या शेडमध्ये. पाच मिनिटांचा तर प्रश्न, तिनं स्वतःला सांगितलं. दार ओढून घेतलं. परत येऊन हात धुतले, हात कशाला धुतले ते तिला अजून माहीत नाही, पाहुणीला कॉफीचा दुसरा कप पाजला, आणि मग म्हणाली, "चला, बघूया पोरं."

दोघी अंगणात. सिसेल पुढे, बोदिल मागे. सिसेल पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत गेली. परत पहिलीपर्यंत आली. चेहरा... बोदिल म्हणते, "आस्ता, मी मेलेल्या कॉड माशाचा चेहरा बघितलाय, त्यात जास्त रंग असतो."

"पाच?" सिसेल म्हणाली.

"पाच," बोदिल म्हणाली.

"पाचच?"

"पाचच."

"म्हणजे... जास्त नाहीत?"

"जास्त कशाला असतील?"

"नाही, पण एखादं... चुकून... नीट आठवा हो!"

आता बोदिलला वाटलं, आपण सापडलो. हिनं खिडकीतून मोजलंय, आता खेळवतेय आपल्याला. म्हणून ती छाती पुढे काढून, वळूला हाकलला होता त्या आवाजात म्हणाली, "बाई, मी आयुष्यात कधी सहावं पोर बघितलेलं नाही! पाच म्हणजे पाच!"

तशी ती पोरगी मटकन चिखलात बसली. आणि ओरडली. तुम्हाला सांगते, मी माझ्या घरात होते, खिडक्या बंद, तरी किंकाळी ऐकू आली, शब्द नाही.

"माझं बाळ! इथं ठेवलं होतं! निळी गाडी! माझं बाळ कुठंय?"

बोदिलला तो शब्द पोचायला वेळ लागला. माझं? तपासणीला पण बाळ असतं? आणि मग पोचला. "शेडमध्ये!" म्हणून ती वळली, आणि वळली तर काय... शेडच्या फटींतून धूर! दाट, पांढरा, वाऱ्यावर वळत निघालेला धूर!

अहो, ती शेड कसली ते मी सांगितलंच नाही का? प्रेबेन त्यात मासे धुरवतो. शरदात हेरिंग आलं की बीच झाडाचं लाकूड पेटवायचं, वर मासे टांगायचे. रोज नाही धुरवत, म्हणून तर बोदिलला शेड मोकळी वाटली. आणि त्याला नेमका आजचाच मुहूर्त!

दोघी धावल्या. बोदिल म्हणते, तेवढं अंतर तिनं रोज कितीदा कापलंय, पण त्या दिवशी ते संपेचना. पाय चिखलात रुततायत, वारा समोरून, आणि डोक्यात एकच, आपण ब्रेक काढला होता, आपण दार ओढलं होतं, आपण, आपण, आपण! दार खेचून उघडलं. आत धूर, धुरात टांगलेल्या हेरिंगच्या रांगा, रांगांखाली प्रेबेन, कानाचं यंत्र खिशात. आणि गाडी नाही!

"प्रेबेन! पोर कुठंय?"

"दार लाव. धूर जातो."

"पोर! पोर!"

"जोर? जोर नको, मंद आच लागते याला."

सिसेलनं त्याची कॉलर धरली. पालिकेची बाई, साठीच्या पुढच्या माणसाची कॉलर! आणि त्याच क्षणी तिच्या खिशात फोन वाजला.

आता ह्या फोनचं सांगते, कारण तो मी केला होता.

झालं असं, की मी बटाटे सोलत बसले होते, आणि मागचं दार उघडून प्रेबेन आत. हातात निळी बाबागाडी. तो आधीच कमी बोलणारा, त्यात यंत्र खिशात. म्हणाला, "शेडमध्ये होतं. धुरात नको." आणि गेला! बास! मी म्हणतेय, "अरे, कुणाचं? प्रेबेन!" गेला तो. मी टोपी उचलून बघितलं. बोदिलची पाची पोरं मी ओळखते, त्यातलं हे नाही. खिडकीतून बघते तर बोदिलच्या स्वयंपाकघरात पालिकेचं ओळखपत्र घातलेली पोरगी पाव खातेय. म्हणजे आता मी हे तिकडे नेलं तर तिकडे होणार सहा! बोदिलला मी बुडवू? आणि पोर तर अनोळखी, शेडमध्ये सापडलेलं... कुणी टाकून गेलं असेल तर? चोरून आणलेलं असेल तर? अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? अधिकृत मार्ग! मी पालिकेला फोन लावला. आधी ते संगीत. मग ती यंत्रातली बाई, "आपलं नाव सांगा, पत्ता सांगा, कामाचं स्वरूप थोडक्यात सांगा, आपलं बोलणं नोंदवलं जात आहे." मी नाव सांगितलं. पत्ता सांगितला. आणि स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं, "माझ्या स्वयंपाकघरात एक अनोळखी मूल आहे." परत संगीत. पोर जागं झालं, मी त्याला मांडीवर घेतलं, काळ्या पावावर कलेजीची पेस्ट लावून दिली, ते मजेत खायला लागलं. मग कुणीतरी फोन उचलला.

ड्युटीचा फोन हो. जेवणाच्या सुट्टीत कुणाला नको असतो, म्हणून नवीन पोरीच्या खिशात घातलेला! आणि तिला बिचारीला तीच सवय लागलेली, एका हातात प्रेबेनची कॉलर, दुसऱ्या हातानं फोन कानाला, आणि रडत रडत म्हणते, "पालिका... बालविभाग... मी आपली काय मदत करू शकते?"

मी म्हटलं, "बाई, एक पोर सापडलंय. निळ्या गाडीतलं. कलेजी आवडते त्याला."

पलीकडे मागून बोदिल ओरडली, "अगं, हा तर आस्ताचा आवाज! शेजारच्या!" मग कुंपण मोडल्याचा आवाज, आणि तो फोनमधून नाही, खरा, माझ्या खिडकीबाहेर!

कुंपणातून आली ती. दारातून नाही. पोराला घेतलं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं, पोर म्हणतं, "पाव!" मागून बोदिल आली, आणि दार भरेल एवढी ती बाई माझ्या पायरीवर बसली, ती उठेचना. सिसेल सांगत होती, हुंदक्याहुंदक्यानं. सासू सांभाळायची पोराला, ती तापानं पडली. नवीन नोकरी, अजून कायम नाही, सुट्टी मागायची तर कशी? "मुलासाठी अर्ज केलाय, पण तो आमच्याच विभागात पडलाय, माझ्या शेजारच्या टेबलावर! मी रोज बघते त्याच्याकडे! मला वाटलं, झोपलाय, तुमच्या गाड्यांच्या ओळीत ठेवावा, इथं सुरक्षित राहील, पाच मिनिटांचा तर प्रश्न..."

"मला पण तसंच वाटलं होतं," बोदिल म्हणाली. "पाच मिनिटं."

मग बोदिल हळू म्हणाली, आणि तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, "अगं, मी इतकी पोरं वाढवली. कुठल्याही पोराचं पांघरूण सरकलं की मला इथं आत कळतं. आणि तुझ्या पोराचं मी तोंड बघितलंच नाही गं. मी आकडा बघितला." आणि ती रडली. वळूला हाकलणारी बाई, हमसून हमसून. सिसेल तिला धरून तीच रडतेय, "नाही हो, चूक माझी." ही म्हणते, "नाही, माझी." कुणी कुणाला घाबरायचं तेच कळेना. प्रेबेन कुंपणाच्या भोकातून डोकावून म्हणाला, "मासे जळतायत," आणि परत गेला.

पुढे सगळं नीट झालं, तसं म्हणायचं. सिसेलनं अहवाल लिहिला, पाळणाघरात पाच मुलं, सर्व समाधानकारक. आणि खोटं काय त्यात? बोदिलची पाचच होती! सिसेलची नोकरी कायम झाली, तिच्या पोराला दुसरीकडे जागा मिळाली. मिहाएलाला तर यातलं काहीच कळलं नाही, ती रोज संध्याकाळी पोराला घेऊन, मासळीचा वास घेऊन, शीळ घालत घरी जाते. बोदिल अजून मोजते, पण आता आधी प्रत्येकाच्या गाडीत डोकावते, गालाला बोट लावते, मग मोजते. वेळ लागतो. चालायचंच.

पण ते बोलणं नोंदवलं जात होतं ना हो!

माझं नाव. माझा पत्ता. 'माझ्या स्वयंपाकघरात एक अनोळखी मूल आहे.' दोन आठवड्यांनी पत्र. "आपल्याकडील मुलासंबंधी प्रकरण उघडण्यात आले आहे." मी फोन केला, म्हटलं, मूल गेलं हो! "कुठे गेलं?" म्हटलं, आईकडे. "आईचं नाव?" आता सांगा, काय सांगू? नाव सांगितलं तर ती सिसेल संपली, सिसेल संपली तर बोदिल संपली! मी नुसतीच खोकले. पलीकडचा म्हणतो, "म्हणजे मूल अजून आपल्याकडेच आहे, असं लिहू?" आणि मी... मी म्हटलं, "लिहा."

तेव्हापासून पांढरी गाडी गल्लीत वळली की मी पडदे ओढून जमिनीवर बसते, या वयात, गुडघे बोंबलतात. सिसेलला विचारलं, काहीतरी कर की गं. ती पांढरीफटक पडून म्हणते, "तो विभाग वेगळा आहे." आणि परवा नवीन पत्र. अनुदान मंजूर! हो! न मागता! वर लिहिलंय, आपल्याकडील मुलाला पालिकेच्या बालवाडीत जागा देण्यात येत आहे, सोमवारी सकाळी पावसाळी बुटांसह आणून सोडावे.

रात्र गेली नुसती कूस बदलण्यात. काल मग गेले दुकानात, बूट घेतले. पिवळे. दुकानातली पोरगी विचारते, "नातवाला का? नाव काय हो त्याचं? बुटावर घालून देते." म्हटलं, "कोरंच ठेव बाई... नाव अजून पालिकेकडून यायचंय."